पितळी दांड्याचा कॉम्प्युटर

संग्रहालयाचे अध्यक्ष दादासाहेब तुंगारे यांचा शब्द खाली पडत नसे. पण ‘पहिला कॉम्प्युटर’ ही पाटी हाताने फिरवायच्या पितळी यंत्रालाच लावायची, असा दालन सांभाळणाऱ्या शरयू खांबेटेचा हट्ट होता.

“बाई, विजेशिवाय कसला कॉम्प्युटर? भंगारात द्या तो!”

“साहेब, सूचनांची छिद्रं पाडलेली पट्टी बदलली की हा नवं गणित सोडवतो.”

“पण वीज कुठंय?”

शरयूनं मेन स्विच बंद केला. दालनातले सगळे कॉम्प्युटर विझले.

“आता हेही भंगारात देऊ?”

“वेड लागलंय का? कॉम्प्युटरच आहेत ते, नुसते बंद आहेत!”

“म्हणजे वीज गेली तरी कॉम्प्युटर तो कॉम्प्युटरच ना, साहेब?” असं म्हणत तिनं पितळी दांडा फिरवला. अंधारात तेवढं एकच यंत्र खटखटत गणित सोडवू लागलं.

दादासाहेबांनी पाटी तिच्या हाती दिली.