न दुखावलेल्या अंगठ्यावरची रेघ

एकदा एका वृद्ध वैद्याच्या दारात त्याचा तरुण शिष्य लंगडत आला. विहीर खोदताना कोसळलेल्या दगडाखाली त्याचा थोरला भाऊ गेला होता आणि त्याच दगडाने याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख उखडले होते. पावसाळा सरून थंडी लागली, तरी नख येईना.

"बाबा, चिमटा द्या. जे उरलंय ते मुळातून उपटतो!"

वैद्याने पट्टी सोडली. अंगठा सुजून लाल झाला होता. कडेने पू धरला होता.

"हे ओरखडे कशाचे?"

शिष्याने पाय मागे ओढला.

"रोज पट्टी सोडून उकरतोस?"

"मग काय करू? हाताची नखं भराभर वाढतात, हे मेलं हलत नाही! तिकडे आई अजून दादाचं ताट मांडते. मी रोज उचलून फेकतो, ती पुन्हा मांडते. घरात काहीच पुढे सरकत नाही, बाबा!"

"आणखी एकदा उकरलंस, तर अंगठा कापावा लागेल."

वैद्याने जखम धुऊन बांधली. मग वाटीत मेंदी कालवली आणि शिष्याच्या डाव्या, धड अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, एक रेघ ओढली.

शिष्याने पाय झटकला. "मेंदी? भाऊ गेलाय माझा! आमच्या घरात वर्षभर मेंदी लागत नाही. लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत. पट्टी मी बदलीन. तू फक्त ही रेघ बघायची."

हात सारखा पट्टीकडे जाई. दात आवळून तो रेघेकडे बघत बसे. होळी आली, तरी रेघ अर्ध्या वाटेवरही नव्हती.

"बाबा, याला तर दगड लागलाच नव्हता!" तो ओरडला.

"म्हणून तर त्याला रंगवलं," वैद्य म्हणाला. "पायाच्या धड नखाची चाल एवढीच असते. ज्याच्यावर दगड पडला, त्याने मात्र धावावं, असा तुझा हट्ट. ते मेलं नव्हतं, वेड्या. ते येत होतं आणि तू उकरत होतास."

त्याने उजव्या पायाची पट्टी सोडली. सूज नव्हती. मुळाशी पातळ, खरबरीत नख वर आले होते.

त्या संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे तिसरे ताट मांडले. शिष्याचा हात सवयीने पुढे गेला आणि तिथेच थांबला.

"आई," तो म्हणाला, "दादाला लसणीचं तिखट वाढायचं राहिलं."

आणि तो त्या ताटाशेजारी जेवायला बसला.