कानात सांगायचं नाव

नदीकाठच्या एका गावात दिगंबर नावाचा पेंटर राहत होता. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता गावातली सगळी नावं त्याच्या हाताखालून गेली होती. उशिरा मुलगा झाला तेव्हा त्याला वाटलं, याचं नाव असं हवं की साऱ्या जिल्ह्यात कुणाचं नसेल. त्याने शहरातून इंग्रजी नावांचं एक जाडजूड पुस्तक आणलं.

बाराव्या दिवशी पाळणा सजला. बाळाच्या कानात नाव सांगायला दिगंबरची थोरली बहीण गोदाक्का शेजारच्या गावाहून आली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. बाळाला आत्या अशी ती एकटीच.

"काय नाव काढलंस, दिगू?"

"एव्हरार्ड. म्हणजे रानडुकरासारखा शूर."

"आपल्या मक्यात शिरतात ती?" अक्का म्हणाली.

बायका हसल्या. दिगंबरला ते लागलं. त्याने बारसं पुढे ढकललं.

पुढच्या महिन्यात नाव निघालं कॅल्विन. शाळेतल्या मास्तरांनी अर्थ सांगितला, टकल्या. "आत्ता शोभतंय की," अक्का म्हणाली, "पण जावळ वाढल्यावर काय करशील?" बारसं पुन्हा राहिलं. तिसऱ्या खेपेला रॉडरिक ठरलं, कीर्तिमान राजा. अक्काने ते दोन दिवस घोकलं. तेवढ्यात तालुक्यातल्या एका डॉक्टरांच्या नातवाचं तेच नाव असल्याचं कळलं. दिगंबरने पान उलटलं.

त्याला चैन पडेना. हातातला ब्रश ठेवून तो पुस्तक उघडी. जेवता जेवता उठे. बाळ पालथं पडलं, रांगू लागलं, तरी घरात त्याला 'ए बाळा' एवढीच हाक.

हिवाळ्यात अक्काला दम लागू लागला. दिगंबर भेटायला गेला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

"दिगू, जे असेल ते नाव सांग. पोराला इथे घेऊन ये. एवढं एक काम करून जाते."

"आठच दिवस थांब, अक्का. चांगला अर्थ मिळू दे."

"अर्थ तो मोठा होऊन करील रे," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी नाव सापडलं. ऑल्डविन. म्हणजे जुना मित्र. अर्थ चांगला होता आणि जिल्ह्यात ते कुणाचंही नव्हतं. दिगंबरने तशीच सायकल काढली. पुलावर अक्काचा दीर समोरून येताना दिसला. दिगंबर सायकलवरून उतरला. "वहिनी पहाटेच गेल्या," दीर म्हणाला.

अक्काचे दिवस झाल्यावर बारसं झालं. पाळण्याभोवती बायका जमल्या. "आत्या कुठाय?" एका म्हातारीने सवयीने विचारलं आणि जीभ चावली. शेवटी दिगंबर स्वतःच वाकला. त्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी हसत धपाटे घालायचे, अशी रीत. त्या दिवशी कुणाचा हात उठला नाही.

बायको हळूच म्हणाली, "नाव चांगलं आहे हो. वन्संना म्हणता आलं असतं."

तात्पर्य: नावाचा अर्थ शोधायला सारं आयुष्य पडलेलं असतं, पण ते प्रेमाने उच्चारणारी माणसं तेवढी थांबत नाहीत. आपल्या माणसाच्या हाती द्यायचं ते वेळेत द्यावं.