इनामदारांच्या घरची साक्ष

भिवरा कुंभारीण डोक्यावर घागरींची पाटी घेऊन अंगणाबाहेर पडली आणि थेट बाभळीच्या काट्यांत शिरली! काल संध्याकाळपर्यंत जिथे वाट होती, तिथे आज छातीएवढ्या काटेरी कुंपणाची वई उभी होती. वईपलीकडे गुणाजीराव इनामदार पान चघळत होते.

"अवो इनामदार, माझी वाट कुठं गेली?"

"वाट? कसली वाट? हे माझं शेत आहे. इथून कधी मुंगीसुद्धा गेलेली नाही!"

भिवराच्या घराच्या एका अंगाला खोल ओढा, उरलेल्या तिन्ही अंगांना इनामदारांची जमीन. आजेसासऱ्यापासून तिच्या घरचे याच वाटेने बाजाराला जात. पण इनामदारांना तिथे आंब्याची बाग करायची होती आणि भिवराचं घर नेमकं बागेच्या मध्ये येत होतं. बाई घर सोडेना, म्हणून त्यांनी तिन्ही अंगांना वई घालून वाटच गिळून टाकली. अक्षय्यतृतीया आठ दिवसांवर आली होती. घरोघरी नवी घागर लागणार आणि तीनशे घागरी अंगणात कोंडलेल्या! त्या विकल्या नाहीत तर वर्षभर खायचं काय? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिने वईवर गोधडी टाकली, पलीकडे उडी मारली, अर्धं लुगडं काट्यांना दान केलं आणि तडक दरबार गाठला.

राजेसाहेब न्यायी होते, पण भलतेच हट्टी. सोपा निवाडा करायची वेळ आली की त्यांचं पोट दुखे. इनामदारांना बोलावून त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गावकऱ्यांची साक्ष चालणार नाही. ते तुझ्या घागरींतलं पाणी पितात, तुझीच बाजू घेतील. साक्षीदार इनामदारांच्या घरचा हवा! त्यांच्याच अन्नावर पोसलेला! उद्या दुपारी उभा कर, नाहीतर घर सोड!"

इनामदारांच्या घरी त्यांच्याविरुद्ध शिंकायचीही कुणाची छाती नव्हती. इनामदार खुशीत मिशीवर ताव देऊ लागले.

"हाय की, म्हाराज," भिवरा म्हणाली. "त्यांच्या घरचीच हाय. त्यांचंच खाती, पर त्यांना जरासुदिक भीत न्हाई!"

इनामदारांचा हात मिशीवरच थबकला. "महाराज, बायकोची साक्ष धरू नका! ती आधीच माझ्यावर रागावलीय!"

"वैनीसाब न्हवं वो! उद्या भर दुपारी इनामदारांच्या गोठ्याम्होरं या. तिथंच दावते."

दुसऱ्या दिवशी डोक्यावर ऊन आणि गोठ्यापुढे राजेसाहेब. भिवराने बोट दाखवलं ते दावणीच्या म्हशीकडे. तिचं नाव चंद्री. रोज ऊन तापलं की ती त्या वाटेने येऊन भिवराच्या माती भिजवायच्या खड्ड्यात डुंबायची. कालपासून तिला बांधून ठेवलेलं, त्यामुळे बाईसाहेब लाल डोळे करून रेकत होत्या.

"म्हैस?" इनामदार किंचाळले. "साक्षीला म्हैस?"

"तुमच्या घरची आहे ना? तुमचंच खाते ना?" राजेसाहेब म्हणाले. "सोडा तिला!"

दावं सुटलं. इनामदारांनी हिरव्यागार कडवळाची पेंढी पुढे केली. चंद्रीने हुंगलीसुद्धा नाही. ते हात पसरून आडवे आले. चंद्रीने त्यांना खांद्यानेच बाजूला सारलं. शेवटी त्यांनी तिची शेपूट धरली आणि तिथेच फसले! इनामदारांना फरफटत चंद्रीने वईला धडक दिली, काटेकुटे तुडवले आणि जुनी वाट जिथे जिथे वळत होती तिथे तिथे वळत ती अंगणात शिरली. भिवराचा जीव घागरींत अडकला होता. पण एकीलाही धक्का न लावता चंद्री खड्ड्याशी पोचली आणि धबाक! गळ्यापर्यंत चिखलात. मागोमाग इनामदारही.

पागोटं सावरत, धापा टाकत राजेसाहेब पोचले. चिखलातून एक डोकं वर आलं. "महाराज, जनावर उधळलं! इथे वाट नाही! नाही म्हणजे नाही!"

भिवराने कमरेवर हात ठेवले. "बरं, न्हाई तर न्हाई! पर मग इनामदार, आता घरी कुठनं जानार? तिकडं वढा, हिकडं समदे काटं, आन् वाट तर न्हाईच म्हंताय. ऱ्हावा मग माझ्याकडंच! भाकर मी घालीन, तुमी जलमभर माती तुडवा. पाय तर घातलेच हायती!"

राजेसाहेब असे हसले की पागोटं घरंगळून खड्ड्याच्या काठावर पडलं. डोळे पुसत ते म्हणाले, "बोला इनामदार! वाट आहे, की माती तुडवताय?"

"आहे, महाराज, आहे!" चिखलातून आवाज आला. "चांगली दोन बैलगाड्या जातील एवढी आहे!"

"मग तेवढीच द्या!" म्हणून राजेसाहेब पुन्हा पोट धरून हसले. तिथल्या तिथे त्यांनी तेवढ्या रुंद वाटेची सनद भिवराच्या नावे लिहून दिली आणि तीनशेच्या तीनशे घागरी राजवाड्यासाठी विकत घेतल्या. त्या नेल्या मात्र इनामदारांच्याच गाड्यांतून, त्याच वाटेने!