राणीचा डोळा

एका राज्यात तीन पुस्तकं होती. साधीसुधी नव्हेत हो. हातभर लांब, वीतभर जाड, रेशमी बासनात बांधून चंदनाच्या पेट्यांत ठेवलेली. एकात रानातली पाखरं, दुसऱ्यात दूरदेशीच्या वाटा, तिसऱ्यात राजाराणीच्या नि राक्षसांच्या गोष्टी. पानोपानी चित्रं. ती काढली रंगोबा चिताऱ्यानं, आणि काढवून घेतली भद्रसेन राजानं.

चिताऱ्यांच्या घराचा एक रिवाज होता. सगळं चित्र आधी पुरं करायचं, डोळा शेवटी द्यायचा. कारण डोळा दिला की चित्रात जीव येतो. आणि जित्या माणसाचं चित्र काढायची वेळ आलीच, तर डोळा कोरा ठेवायचा. रंगोबाच्या आज्यानं पाळलं, बापानं पाळलं.

मग दरबारात कज्जलनाथ नावाचा जादूगार आला. काळ्या शाईची कुपी राजापुढं ठेवून म्हणाला, "या शाईनं ज्याला डोळा द्याल ते म्हातारं होणार नाही, मरणारही नाही." आणखी काय होईल ते त्यानं सांगितलं नाही, राजानं विचारलं नाही. जादूगार आला तसा गेला.

रंगोबानं धनेश पक्ष्याला डोळा दिला. त्याच घटकेला रानातले सगळे धनेश उडाले ते थेट पानात येऊन बसले. मग मोर गेले, सुतारपक्षी गेले, चिमण्यासुद्धा गेल्या. दुसऱ्या पुस्तकात घाट नि नदी काढली. घाटाला डोळा कुठला? रंगोबानं वाटेच्या तोंडाशी शाईचा एक ठिपका दिला. घाट वाटांसकट पानात गेला, नदी त्याच्या मागं गेली. तिसरं पुस्तक होत आलं तशा लोकांच्या तोंडच्या गोष्टी गेल्या. आजीनं "एक होता राजा" म्हणावं नि पुढं काही आठवू नये. लेकरांनी वाट बघून बघून तशीच झोपून जावं.

त्या तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान राहिलं होतं, तेव्हा रंगोबाची बायको सगुणा तापानं पडली. आठ दिवस उतरेना. नवव्या दिवशी वैद्यानं मान हलवली. सगुणा उशाला टेकून सहा वर्षांच्या लेकीच्या, केवडाच्या, वेण्या घालत होती. एक वेणी झाली, दुसरी हातातून सुटली. रंगोबानं ते पाहिलं. धावत ग्रंथशाळेत गेला, शेवटच्या पानावर राणी काढली, तिला सगुणेचा चेहरा दिला. आणि आज्याचा, बापाचा रिवाज मोडून डोळाही दिला. घरी आला तर अंथरूण रिकामं.

त्याला बारा वर्षं झाली.

केवडा अठराची झाली. पानातली आई पंचविशीची ती पंचविशीचीच. रंगोबा ग्रंथशाळेचा राखणदार होऊन बसला. रोज कसर लागू नये म्हणून पेटीत वेखंड घालायचा, पान उघडायचा, लेकीला म्हणायचा, "ये, आईला तोंड दाखव." केवडा एका बाजूला वेणी, एका बाजूला मोकळे केस अशी येऊन उभी राहायची. दुसरी वेणी तिनं कधी घातली नाही. गावातल्या बाया हसायच्या. हसू देत.

राज्याची मात्र दैना झाली. पाखरं नाहीत म्हणून किड्यांनी शेतं खाल्ली. नदी नाही म्हणून विहिरी आटल्या. वाटा नाहीत म्हणून निघालेला माणूस फिरून आपल्याच दारात.

एके सकाळी केवडाच्या खिडकीत साळुंकी येऊन बसली. राज्यात उरलेलं ते एकच पाखरू.

"तू कशी गं राहिलीस?" केवडानं विचारलं.

"तुझ्या बापापुढं स्वस्थ बसले असते तर मीही आज पानात असते," साळुंकी म्हणाली. "माझी आई म्हणायची, एका जागी बस. बरं झालं ऐकलं नाही. आता तू ऐक. प्रत्येक पुस्तकातला शेवटचा डोळा पूस, बापाच्या खारशेपटीच्या कुंचल्यानं. पहिल्याला पाणी असं, ज्याला कुणाची तहान शिवलेली नाही. दुसऱ्याला पाणी वाटसरूच्या उरल्या घोटाचं. तिसऱ्याला पाणी चिताऱ्याच्या डोळ्यातलं. सात दिवसांत तिन्ही पुसलीस तर शाप सुटेल. एक जरी राहिलं तरी सगळं परत पानात."

"आणि आई?"

साळुंकी कधी नव्हे ती स्वस्थ बसली. "जे जसं गेलं तसंच येईल, पोरी. तापात गेली, तापात येईल."

केवडा तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी राजापुढं जाऊन उभी राहिली.

"माझी पुस्तकं पुसणार तू?" राजा गरजला. "चिताऱ्याची पोर ना तू? बापाचं काम पुसायला लाज नाही वाटत?"

"वाटते, महाराज. पण आज सकाळी आपण पाणी कुठलं प्यालात?"

राजाचे ओठ भेगाळले होते. पानातली नदी त्यानं दहादा पाहिली होती, घोट एक मिळाला नव्हता. त्यानं मुकाट किल्ल्या काढून दिल्या.

केवडानं पहाटे अळूच्या पानावरचं दव गोळा केलं. कुणी पिण्याआधीचं ते पाणी. त्या दवानं शेवटच्या पाखराचा डोळा पुसला. पुस्तक फडफडलं नि खिडकीतून सगळं रान उडून गेलं.

पाचव्या दिवशी वडाखाली एक बैरागी भेटला. म्हणाला, "बारा वर्षं चालतोय, माय. सांजेला येतो तो याच वडाखाली." त्याच्या पाण्याच्या भोपळ्यात एक घोट उरला होता. आशेनं जपला होता बिचाऱ्यानं. केवडानं मागितला, त्यानं दिला. तिनं वाटेच्या तोंडचा ठिपका पुसला. दूरवर पाणी वाजू लागलं, आणि बैरागी वळून न पाहता आपल्या गावाच्या वाटेला लागला.

राहिलं तिसरं.

सातव्या दिवशी केवडा ग्रंथशाळेत आली. रंगोबा पेटीवर हात पसरून बसला होता.

"पाखरं दिली, नदी दिली. हिला देणार नाही," तो म्हणाला. "रडणार तर त्याहून नाही. बारा वर्षं रडलो नाही मी. कशाला रडू? ती आहे इथं. सुखात आहे."

"कशावरून, बाबा?"

"हात लावून बघ. अजून ऊब आहे. मेलेल्याला ऊब असते का?"

केवडानं आजवर पानाला हात लावला नव्हता. बापानं लावू दिला नव्हता. तिनं राणीच्या कपाळावर तळवा ठेवला. मग बापाचा हात धरला नि पाखरांच्या पुस्तकावर ठेवला. पान गार. वाटांच्या पुस्तकावर ठेवला. पान गार. मग तोच हात परत राणीच्या कपाळावर.

"बाबा, ही ऊब नाही. हा ताप आहे."

रंगोबा हात काढीना. राणीचे गाल लाल होते. तो इतकी वर्षं समजत होता, आपला हिंगुळाचा लाल रंग चांगला लागलाय.

"तिचा नववा दिवस अजून सरलेला नाही," केवडा म्हणाली. "बारा वर्षं ती तापातच आहे. आणि पाणी द्यायला तिच्यापाशी कुणी नाही."

तेव्हा रंगोबा रडला. बारा वर्षांचं एकदम रडला. केवडानं कुंचला पुढं धरला. तो ओला झाला तसा बापाच्या हातात दिला. "तुम्हीच पुसा."

त्यानं डोळा पुसला.

सगुणा ग्रंथशाळेच्या फरशीवर निजलेली होती. अंगाची लाही होत होती. "पाणी," म्हणाली. केवडानं नदीचं पाणी तिच्या तोंडाला लावलं. ती गटागटा प्याली. मग समोरच्या वाढलेल्या पोरीकडं बघत राहिली.

"कोण गं तू? माझी केवडा कुठंय? तिची एक वेणी राहिलीय."

केवडा नुसती वळून बसली नि मोकळे केस पाठीवर सोडले.

सगुणेनं एका बाजूची वेणी पाहिली. दुसऱ्या बाजूचे केस हातात घेतले, तोलले.

"एवढे वाढले होय," म्हणाली. "हलू नकोस."

तीन पेड घातले, मधे थांबली, पुन्हा घातले. वेणी पार कमरेपर्यंत आली. टोकाला बांधायला काही नव्हतं, तर रंगोबानं पुस्तकाच्या बासनाची रेशमी नाडी सोडून दिली. सगुणेनं गाठ मारली, वेणीवरून एकदा हात फिरवला, आणि लेकीच्या पाठीला टेकली ती टेकलीच.

दिवस मावळत होता. रंगोबानं ज्या हातानं तिचे डोळे उघडले होते, त्याच हातानं मिटले.

त्या संध्याकाळी राज्यात घरोघरी आज्या "एक होता राजा" म्हणाल्या, आणि पुढचं सगळं त्यांना आठवलं. भद्रसेन राजानं उरलेल्या शाईची कुपी सात हात जमिनीखाली पुरली. नदी वाहती राहिली, वाटा जायच्या तिथं जाऊ लागल्या, धनेश आपल्या ढोलीत परतले, म्हातारे झाले, मेले, त्यांची पिल्लं उडाली.

पुस्तकं अजून आहेत. पाखरं आहेत, घाट आहेत, राक्षस आहेत, पण डोळे सगळ्यांचे कोरे. शेवटचं पान मात्र रिकामं आहे, राणी चित्रासकट निघून गेली. केवडा मोठी चितारीण झाली, पण त्या पानावर तिनं कधी रेघ ओढली नाही. दोन वेण्या घालून त्याच्यापाशी बसायची. कधी तळवा ठेवून बघायची.

पान गार असायचं. मग ती उठून कामाला लागायची.

गोष्ट वाहत आली, तुमच्या उंबऱ्याशी थांबली. ज्याच्या घरी कुणी तापात असेल त्यानं आधी उठावं, कपाळावर हात ठेवावा, पाणी द्यावं.