रुमाजीनं कोरलेलं वैऱ्याचं तोंड

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खापरपणज्यांच्याही आधी, खडकमाळ गावात रुमाजी नावाचा पाथरवट होऊन गेला. गावासाठी लढून जो मरेल त्याचा वीरगळ घडवायचा, हे त्याचं काम. वीरगळ म्हणजे पुरुषभर उंचीची शिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शंकराची पिंड आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्या काळी घोड्याखाली पडलेल्या शत्रूला तोंड कोरायची रीत नव्हती. नुसता गोळा ठेवायचे. खडकमाळच्या दगडावर मात्र त्या पडलेल्याला नाक आहे, डोळे आहेत, आणि त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. ती का, ते ऐका.

झालं असं, की पलीकडच्या मुलखातले लोक गावची गुरं वळवून न्यायला आले. हैबती पाटलांचा एकुलता एक मुलगा मानाजी त्यांना आडवा गेला. गुरं वाचली, पण मानाजी पडला. त्यांच्यातलाही एक जण पडला. त्याला कोण विचारतो? पण रुमाजीला एक खोड होती, पाहिल्याशिवाय कोरायचं नाही. तो ओढ्यापाशी गेला, त्या परक्या पोराकडे दिवस मावळेपर्यंत बघत बसला, आणि मग त्याला मूठमाती देऊन वर दगड रचून आला.

वर्षभर छिन्नी चालली. असं म्हणतात, की दगडातला घोडा इतका हुबेहूब उतरला, की गावातली कुत्री त्याच्यावर भुंकायची. पाटील रोज येऊन लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचे. एक दिवस त्यांची नजर खाली गेली.

"ह्यो कोण?"

"पडलेला," रुमाजी म्हणाला.

"माझ्या लेकाचा जीव घेतला त्यानं. त्याला तोंड कशाला? फोडून टाक."

"पाटील, बिनतोंडाच्याला मारण्यात कसलं शौर्य? मानाजी माणसाशी झुंजला, गोळ्याशी न्हाई."

बोलणं खरं होतं, पण बापाच्या काळजाला घरं पडलेली. तिथे खरं बोलणं काय कामाचं? पाटलांनी बजावलं, "चैत्राच्या अवसेला दगड उभा राहील. त्याआधी तोंड फोड, न्हाईतर गाव सोड."

रुमाजीनं तोंड फोडलं नाही. आपलं बिऱ्हाड बांधून ठेवलं आणि दगड उभा करायच्या दिवशी गुपचूप कडेला जाऊन उभा राहिला. सगळी पंचक्रोशी लोटली होती. पाटलीणबाई गोजाबाई लेकासाठी भाकरीचा नैवेद्य घेऊन आल्या होत्या. पाटलांनी स्वतः हातोडा उचलला आणि त्या तोंडावर घाव घातला. असं म्हणतात, की हातोडा दांड्यातून निसटून जो वर गेला, तो खाली आलाच नाही. कुणी म्हणतं, तो टेकडीवर पडलाय. मी दोनदा शोधून आलो, मला काही सापडला नाही.

"दुसरा आणा," पाटील ओरडले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. पायांना फोड, पदराला धूळ. ती कुठेही वीरगळ उभा राहणार असं ऐकलं, की तिथे जायची. जिथे एकाचा वीर होतो, तिथे दुसऱ्या बाजूचाही कुणीतरी पडलेला असतो, एवढं तिला कळत होतं. आजवर तिला नुसते गोळेच दिसले होते. तिनं त्या दगडी भुवईवर बोट ठेवलं.

"एडक्यानं ढुशी मारली व्हती. तवा सात वर्साचा व्हता. माझा ल्योक सटवा हाय ह्यो."

पाटलांच्या हातात रिकामा दांडा. गोजाबाई पुढे आल्या आणि म्हातारीसमोर बसल्या. पोटच्या पोराच्या वैऱ्याची आई, तिला काय विचारायचं? त्यांनी विचारलं, "निघताना जेवला व्हता का गं?"

"न्हाई. वाढते म्हनलं, तर म्हनला, उशीर झालाय."

"माझाबी तसाच गेला," गोजाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. नैवेद्याची भाकरी त्यांनी मोडली आणि अर्धी त्या पडलेल्यापुढे ठेवली. पाटलांनी दांडा टाकून दिला. मग रुमाजी म्हातारीला हाताला धरून ओढ्यापाशी घेऊन गेला आणि तो रचलेल्या दगडांचा ढीग त्यानं तिला दाखवला.

रुमाजीनं गाव सोडलं नाही. पुढे चाळीस वर्षं लांबलांबची गावं त्याला बोलवायची. तो दगड निवडण्याआधी विचारायचा, "दुसरा कोण पडला?" असं म्हणतात, की त्याला सांगता सांगताच कित्येकांचा राग उतरायचा.

खडकमाळला अजूनही चैत्राच्या अमावास्येला पहिली भाकरी घोड्याखालच्याला ठेवतात, दुसरी मानाजीला. आणि गावातलं कुणी तावातावानं भांडायला निघालं, की घरातली बाई दारात आडवी येते. "रुमाजीची आन हाय. आधी जेव, मग जा."

तो जेवतो. आणि जेवल्यावर बहुतेक जात नाही.