ठकूबाईच्या साळुंक्या

एकदा काय झालं, ठकूबाई कुंभारणीच्या लेकीचं, रंगूचं, लग्न ठरलं. त्यांच्यात रीतच होती, बरं का, मांडवातल्या उतरंडीची मडकी नवरीच्या आईनंच भाजायची. आणि एकही तडकलेलं चालायचं नाही. नाहीतर लग्न पुढच्या सालावर.

ठकूबाईचा हात चांगला, पण डोकं गप्प बसेल तर शपथ. तिनं मडकी भाजायचा आवा रचला, गवऱ्या लावल्या, वरून चिखलानं लिंपून पेटवला. आता निवेपर्यंत आव्याला हात लावायचा नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. पण तिच्या मनात आलं, आच कमी पडली तर? तोच तिच्या कानातून भुर्रकन एक साळुंकी निघाली. खरंच सांगते. ती आव्याजवळ बसून ओरडू लागली, "बघ ना, बघ ना." मग ठकूबाईनं लिंपण फोडून आत बघितलं. गार वारा शिरला आणि मडकी तडकली.

मग दुसरा आवा लावला. साळुंकी आलीच. ठकूबाई काठी घेऊन धावली, तर एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. एवढा कलकलाट झाला की तिनं पुन्हा आवा फोडला. तीही मडकी गेली.

आता कच्ची मडकी एकाच आव्यापुरती उरली. रंगू कोपऱ्यात बसून रडायला लागली.

तेव्हा ठकूबाईची म्हातारी सासू म्हणाली, "अगं, हाकलतेस कशाला? जी साळुंकी हातानं होण्यासारखं काम सांगेल, तिचं तेवढं कर. बाकीच्यांना दिवेलागणीला बोलव."

"बरं, आत्याबाई," ठकूबाई म्हणाली आणि तिनं तिसरा आवा पेटवला. एक साळुंकी म्हणाली, "वारा या बाजूनं लागतोय." खरंच लागत होता. ठकूबाईनं तिथं आडोशाला झाप उभा केला, तशी ती साळुंकी उडून गेली. दुसरी म्हणाली, "जावई तापट निघाला तर?" आता त्याला आज काय करणार? "दिवेलागणीला ये, ऐकते," ठकूबाई म्हणाली. ती लिंबावर जाऊन फुगून बसली. मग बाकीच्या सगळ्या, "बघ ना, बघ ना." ठकूबाईचे हात आव्याकडे गेले, बरं का. पण तिनं ते ओल्या मातीत घातले आणि भातुकलीची बोळकी करत बसली. भीती काही गेली नव्हती. ती शेजारीच बसली होती आणि हात चालले होते.

दिवेलागणीला ठकूबाईनं साळुंक्यांना बोलावलं. निम्म्यांना काय विचारायचं होतं तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी आवा निवला. एक मडकं जरा वाकडं निघालं, पण तडकलेलं एकही नव्हतं. लग्न थाटात झालं. रंगूला निरोप देताना ठकूबाईच्या कानातून एक साळुंकी निघाली. "लेक तिकडं रुळेल ना गं?"

ठकूबाईचे डोळे भरले. "मला तरी कुठं ठाऊक आहे बाई? बस माझ्या खांद्यावर," ती म्हणाली आणि पाहुण्यांना वाढायला गेली.

रंगू रुळली. सगळी सुखानं नांदली.

चला, टेका उशीवर डोकी. आणि गणू, तुझ्या कानातून उद्याच्या परीक्षेची साळुंकी डोकावतेय, दिसतेय मला. तिला म्हणावं, सकाळी ये.