पाण्याची वाट

आमच्या गावी शाळेपुढील रस्त्यावर मोटारी बेफाम धावत, म्हणून नगरपालिकेने तेथे उंच गतिरोधक बांधला. मोटारी मंदावल्या, परंतु सायकलीवरून अंडी विकणाऱ्या हमीदाबींची डझनभर अंडी रोज त्या उंचवट्यावर फुटू लागली. धंदा बुडण्याची वेळ आली, तेव्हा त्या नगरपालिकेचे अभियंता दिघे यांच्या कचेरीत गेल्या.

"साहेब, कडेला सायकलीपुरती हातभर वाट सोडा."

"बाई, गतिरोधक अखंडच असावा लागतो. त्यात कोणाला सवलत नसते."

"अखंड कुठं आहे? कडेला चार बोटं फट ठेवलीय की."

"ती पावसाच्या पाण्यासाठी."

"पाण्यानं अर्ज केला होता?"

दिघे चिडले. "पाण्याला अर्ज लागत नाही. त्याला वाट दिली नाही, तर ते तिथंच साचतं आणि सगळा रस्ता अडवतं."

"असं होय," हमीदाबी शांतपणे म्हणाल्या. "मग उद्या दहाला, तुमची मोटार यायच्या वेळी, आम्ही सगळे सायकलवाले तिथं साचून बघतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत ती फट हातभर रुंद झालेली होती.